रोबोटिक्स आणि कंट्रोलचं मास्टर्स: एकच यंत्र हाताशी धरून केलेला अभ्यास

रोबोटिक्स-कंट्रोलच्या मास्टर्सला येणारी मुलं-मुली ढोबळमानाने दोन गटांत मोडतात. काहींचं गणित पक्कं असतं, पण मोटर फिरवायची वेळ आली की हात मागे येतो. काहींना रोबो झटपट जोडता येतो, पण तो डगमगतो का, असं विचारलं की गेन (चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं तो आकडा) कमी-जास्त करून बघण्यापलीकडे उत्तर नसतं. या पदवीची खरी मेहनत या दोन टोकांमध्ये सतत ये-जा करण्यात आहे. अभ्यासक्रम मात्र विषयवार कापलेला असतो. एका सत्रात लिनियर सिस्टिम्स, दुसऱ्यात एस्टिमेशन (अपुऱ्या मोजमापांवरून खरी स्थिती ताडणं), तिसऱ्यात प्लॅनिंग. हे तुकडे एकमेकांना जोडायचं काम कोणाच्याच वाट्याला दिलेलं नसतं, त्यामुळे ते विद्यार्थ्यावर येतं. म्हणून माझा मुख्य सल्ला असा, की एक छोटं यंत्र निवडा आणि प्रत्येक विषय त्याच्यावर लावून बघा. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने मांडल्या आहेत.

पायरी १: कोर्सचं नाव बाजूला ठेवून विषयांची यादी वाचा

सारख्या नावाखाली फार वेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात ‘सिस्टिम्स अँड कंट्रोल’ आणि ‘रोबोटिक्स’ असे दोन स्वतंत्र मास्टर्स आहेत. ईटीएच झुरिचमध्ये ‘रोबोटिक्स, सिस्टिम्स अँड कंट्रोल’ असा एकत्र अभ्यासक्रम आहे, स्टॉकहोमच्या केटीएचमध्येही तिन्ही शब्द एकाच नावात आहेत. कार्नेगी मेलनच्या रोबोटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये (स्थापना १९७९) संशोधनाकडे झुकणारा एक मार्ग आहे आणि उद्योगासाठी प्रकल्पकेंद्री असा दुसरा. कुठला चांगला, हा प्रश्न त्यामुळे अर्धवटच राहतो.

यादी वाचताना तीन गोष्टी बघा. सक्तीच्या विषयांत लिनियर सिस्टिम्स आणि एस्टिमेशन आहे का? थिसिस सक्तीचा आहे का, आणि त्याला किती क्रेडिट? प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हात लावायला मिळतो, की फक्त प्रात्यक्षिक दाखवलं जातं? तिसऱ्याचं उत्तर वेबसाइटवर मिळत नाही. सध्या शिकणाऱ्या एखाद्याला गाठून विचारावं लागतं, आणि लोक बहुतेक वेळा प्रामाणिकपणे सांगतात.

वेळेचा अंदाजही आधीच घ्या. युरोपीय पद्धतीत दोन वर्षांच्या मास्टर्सला १२० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे ३० क्रेडिटच्या सत्रात ७५० ते ९०० तास. परीक्षेसकट सत्र वीस आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ३७ ते ४५ तास झाले. सोबत अर्धवेळ नोकरी करायची असेल तर हा आकडा समोर ठेवूनच विषय घ्या.

पायरी २: वर्ग सुरू होण्याआधीचे महिने

इथे लोक नवनवी सॉफ्टवेअर शिकत बसतात. त्यापेक्षा तीन जुन्या विषयांची धूळ झटका: लिनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि प्रोबॅबिलिटी. पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही, स्वतःची परीक्षा घेतली की पुरे.

लिनियर अल्जिब्रासाठी: दोन बाय दोनचा एक मॅट्रिक्स घ्या, आयगेनव्हॅल्यू काढा आणि संगणक न उघडता त्या सिस्टिमचे मार्ग कागदावर रेखाटा. कुठे गुंडाळत आत येतात, कुठे एका दिशेने बाहेर पळतात, हे हाताने काढता आलं पाहिजे. डिफरन्शियल इक्वेशन्ससाठी स्प्रिंग, वस्तुमान आणि डँपर पुरे. डँपिंग वाढवलं की प्रतिसाद कसा बदलतो हे न अडखळता सांगता यावं.

प्रोबॅबिलिटीसाठी हे गणित करून बघा. एकच अंतर दोन सेन्सर मोजतात. पहिला म्हणतो २.० मीटर, त्याचं प्रमाण विचलन ०.१. दुसरा म्हणतो २.३ मीटर, विचलन ०.२. सरासरी २.१५ नाही. प्रत्येकाचं वजन म्हणजे विचलनाच्या वर्गाचा व्यस्त, म्हणजे १०० आणि २५. उत्तर येतं २.०६ मीटर, आणि नवं विचलन साधारण ०.०९, म्हणजे दोन्ही सेन्सरपेक्षा कमी. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलेल्या आणि पुढे अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरल्या गेलेल्या फिल्टरमध्ये दर पावलाला मोजमाप मिसळण्याची जी पायरी असते, ती हीच. एवढं गळी उतरलं की पुढची मॅट्रिक्सची समीकरणं डोळे वटारत नाहीत.

प्रोग्रॅमिंगचं म्हणाल तर पायथॉन, कामचलाऊ सी प्लस प्लस, लिनक्सची कमांडलाइन आणि गिट (प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जपणारं साधन). यातलं गिट सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं.

पायरी ३: विषयांचा क्रम

पहिल्या सत्रात लिनियर सिस्टिम्स, यात तडजोड नको. सोबत रोबो कायनेमॅटिक्स-डायनॅमिक्स (हालचालीची भूमिती आणि त्यामागची बलं) आणि जमल्यास एस्टिमेशन. दुसऱ्या सत्रात ऑप्टिमल कंट्रोल, नॉनलिनियर कंट्रोल, मोशन प्लॅनिंग. मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल (एमपीसी, म्हणजे मॉडेलने थोडं पुढचं बघून दर पावलाला सर्वोत्तम हालचाल काढणं) ऑप्टिमायझेशननंतर घ्या. नाहीतर सॉल्व्हर, म्हणजे ते गणित सोडवणारा प्रोग्रॅम, उत्तर देईनासा झाला की नेमकं काय मोडलंय तेच कळत नाही.

रीइन्फोर्समेंट लर्निंग (करून बघत, बक्षिसावरून शिकणं) पहिल्याच सत्रात घेण्याचा मोह आवरा. विषय उत्तम आहे. पण एलक्यूआर (चूक आणि मोटरची मेहनत यांचा तोल साधून गणिताने गेन काढणारा कंट्रोलर) काय करतो हे माहीत नसताना शिकलेली पॉलिसी, म्हणजे कधी काय करायचं याचा नियम, चांगली की वाईट हे ठरवायला तुमच्याकडे मोजपट्टीच नसते.

कायनेमॅटिक्समध्ये सगळ्यांना एकाच जागी ठेच लागते: मांडणीचे संकेत. डेनाव्हिट आणि हार्टेनबर्ग यांची १९५५ची पद्धत प्रत्येक जोडाला चार आकडे देते, पण तिची मूळ आणि सुधारित अशी दोन रूपं प्रचारात आहेत. एका ठिकाणची तक्ता-मांडणी आणि दुसरीकडचं सूत्र घेतलं तर रोबोचा हात भलत्याच दिशेला जातो. काही ठिकाणी हल्ली स्क्रू थिअरीतून शिकवतात. कुठलंही एक पक्कं धरा, दुसरं फक्त वाचता येण्याइतकं शिका.

क्वाटर्नियनची, म्हणजे वळण चार आकड्यांत सांगायच्या रीतीची, तऱ्हा तशीच. रॉसच्या (रोबोचे प्रोग्रॅम एकमेकांशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअर-चौकटीच्या) संदेशात आकड्यांचा क्रम एक्स, वाय, झेड, डब्ल्यू असा असतो, म्युजोको या सिम्युलेटरमध्ये डब्ल्यू आधी येतो. आयगेन या सी प्लस प्लसच्या गणिती लायब्ररीत तर कन्स्ट्रक्टरला डब्ल्यू आधी द्यायचा, पण आत साठवताना तो शेवटी जातो. रोबो सिम्युलेटरमध्ये विनाकारण आडवा पडला तर आधी हे तपासा.

पायरी ४: तुमचं एक यंत्र

आता मुख्य भाग. माझी शिफारस उलट्या लोलकाची, त्यातही आडव्या फिरत्या भुजेच्या टोकाला लोलक असलेल्या प्रकाराची. कात्सुहिसा फुरुता आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली टोकियोत तो बनवला, म्हणून त्याला फुरुता लोलक म्हणतात. गाडीवाल्या लोलकाला रूळ लागतो आणि रूळ संपतो. हा टेबलाच्या कोपऱ्यात मावतो आणि गोल फिरत राहतो. एक मोटर, दोन एन्कोडर (कोन मोजणारे सेन्सर), एक मायक्रोकंट्रोलर एवढंच सामान लागतं. यंत्र बनवणं शक्य नसेल तर तोच लोलक सिम्युलेटरमध्ये घ्या, पण विलंब, घर्षण आणि सेन्सरचा नॉइज स्वतः हाताने घाला. स्वच्छ सिम्युलेशन काहीच शिकवत नाही.

आधी मॉडेल. लग्रांज पद्धतीने (ऊर्जेवरून) समीकरणं काढा आणि लगेच कंट्रोलरकडे धावू नका. घर्षण शून्य, टॉर्क शून्य ठेवून लोलक सोडा आणि एकूण ऊर्जेचा आलेख काढा. रेघ सपाट यायला हवी. ती सरकत असेल तर सॉल्व्हरची पायरी बारीक करा. तरीही सरकली तर समीकरण चुकलंय. दुसरी तपासणी डायनॅमिक्सच्या वर्गात शिकवतात आणि लोक परीक्षेनंतर विसरतात: मास मॅट्रिक्सचा काळानुसार होणारा बदल वजा दोन कोरिऑलिस मॅट्रिक्स, हे क्रिस्टोफेल चिन्हांनी नीट मांडलं असेल तर स्क्यू-सिमेट्रिक (ओळी-स्तंभांची अदलाबदल केली की फक्त चिन्ह बदलतं असं) येतं. दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे, अनेक तास वाचवतो.

मग एक आकडा काढा, तो पुढे सगळीकडे लागेल. हलक्या दांडीच्या टोकाला वजन आणि लांबी ३० सेंटिमीटर धरली, तर उभ्या स्थितीतला अस्थिर पोल (तोल किती झपाट्याने सुटतो तो आकडा) म्हणजे ९.८१ भागिले ०.३ याचं वर्गमूळ, साधारण ५.७ रेडियन प्रति सेकंद. म्हणजे तोल जाऊ लागला की कल दर ०.१२ सेकंदाला दुप्पट होतो. लांबी चौपट केली की हा पोल निम्मा होतो. तळहातावर पेनापेक्षा लांब काठी तोलणं सोपं जातं ते यामुळेच.

आता विलंबाचा हिशेब. असा लोलक सावरायला लूपची (मोजा, ठरवा, मोटर फिरवा या चक्राची) क्रॉसओव्हर फ्रीक्वेन्सी, म्हणजे तो साधारण जितक्या वेगापर्यंत सावरू शकतो ती, अस्थिर पोलच्या किमान दुप्पट हवी, असा ठोकताळा आहे. इथे ती साधारण ११.४. सेन्सरपासून मोटरपर्यंत २० मिलिसेकंदांचा विलंब असेल तर फेज, म्हणजे वेळेत सावरण्याची सवड, घटते ११.४ गुणिले ०.०२ रेडियन, म्हणजे १३ अंश. चालून जाईल. पण कोन कॅमेऱ्याने मोजला आणि छायाचित्र, प्रक्रिया, संदेश असं सगळं मिळून १०० मिलिसेकंद लागले, तर ६५ अंश गेले. मग गेन कितीही घोळवा, लोलक उभा राहिला तरी डुगडुगणार. ट्यूनिंगमध्ये रात्री घालवण्याआधी हा गुणाकार केलेला बरा.

मग वेग. इथे तर घोडं हमखास पेंड खातं. एन्कोडर फेऱ्याला ४०९६ काउंट देतो असं समजा. एक काउंट म्हणजे ०.०८८ अंश, ऐकायला झकास. लूप १ किलोहर्ट्झवर चालतोय आणि वेग काढायला तुम्ही नुसतं मागचं वाचन वजा करून भागताय. मग एका काउंटची उडी म्हणजे थेट १.५ रेडियन प्रति सेकंद! लोलक जवळपास स्थिर असताना वेगाचा आलेख शून्य आणि दीडच्या मध्ये उड्या मारतो, डेरिव्हेटिव्ह गेन त्याला गुणतो आणि मोटर करवतीसारखी करकरते. लूपचा वेग वाढवला की हे आणखी बिघडतं, कारण भागणारा काळ लहान होतो. फिल्टर लावला तर नॉइज घटतो पण विलंब वाढतो, आणि विलंबाचा भाव आपण वर बघितलाच. या पेचातून बाहेर काढायला कालमन फिल्टर किंवा ऑब्झर्व्हर (न मोजलेली स्थिती ताडणारा प्रोग्रॅम) येतो, कारण त्याला मॉडेल माहीत असतं. एस्टिमेशनचा विषय का असतो, हे मला वाटतं या एका आलेखाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

ऑप्टिमल कंट्रोल शिकलात की एलक्यूआर लावा. पूर्ण स्टेट (सगळे कोन आणि वेग) हाती असेल तर या कंट्रोलरला किमान ६० अंशांचा फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्याआधी उरलेली सवड) मिळतोच, असं पुस्तकी हमीपत्र आहे. त्यासोबत कालमन फिल्टर जोडला की मात्र ती हमी संपते. जॉन डॉयल यांनी १९७८ साली दाखवून दिलं, की अशा जोडीला कुठलाही हमखास मार्जिन नसतो. परीक्षेत ही दोन वाक्यं लिहून गुण मिळतात. यंत्रावर मात्र एकदा मुद्दाम फिल्टरमधला मोजमापाचा नॉइज खूप जास्त सांगा, म्हणजे फिल्टर मंद होईल, आणि लूप कसा सुटतो ते बघा.

यानंतरची यादी लांब आहे, विषय येतील तसं एकेक घ्या. टॉर्कला मर्यादा असते, म्हणून चूक साठवत जाणारा इंटिग्रेटर फुगतो आणि त्याला आवरणारं अँटी-वाइंडअप लागतं. गिअरमधल्या ढिलेपणामुळे आणि स्थिर घर्षणामुळे लोलक उभा राहूनही लहानशा टप्प्यात मागेपुढे हलत राहतो. लिनियर सिद्धांत त्याचं कारण सांगत नाही, नॉनलिनियर कंट्रोलचा वर्ग सांगतो. लोंबकळत्या स्थितीतून वर उचलायला ऊर्जेवर आधारलेली पद्धत वापरा. तिची मांडणी ल्यापुनोव्ह यांच्या १८९२च्या प्रबंधातल्या कल्पनेवर उभी आहे, आणि ती पडद्यावर न बघता टेबलावर चालताना बघण्यात वेगळी मजा आहे. शेवटी एमपीसी आणि लर्निंग त्याच लोलकावर लावा, म्हणजे एलक्यूआरशी समोरासमोर तुलना होते.

मोटर पहिल्यांदा सुरू करताना टॉर्कची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये आणि वीज तोडायचं बटण हाताशी, दोन्ही हवं. चिन्ह उलटं लागलं की कंट्रोलर लोलकाला सावरण्याऐवजी भिरकावतो.

पायरी ५: सॉफ्टवेअर

रॉस शिकावंच लागेल, पण कुठलं ते आधी ठरवा. पहिल्या पिढीच्या शेवटच्या आवृत्तीचा, नोएटिकचा, आधार मे २०२५मध्ये संपला. जुन्या गझिबो सिम्युलेटरचाही त्याच वर्षी जानेवारीत. इंटरनेटवरचे असंख्य धडे मात्र अजून त्यांच्यावरच आहेत, म्हणून कुठल्याही धड्यात आधी आवृत्ती बघा. म्युजोको हा सिम्युलेटर २०२२पासून मुक्त स्रोत आहे आणि स्पर्श-संपर्काच्या कामांना हलकाफुलका पडतो. मॅटलॅब-सिम्युलिंक कंट्रोलच्या वर्गात भेटेलच.

वेगवान कंट्रोल लूप रॉसच्या संदेशांमधून फिरवू नका. तो मायक्रोकंट्रोलरवर किंवा रिअल-टाइम प्रक्रियेत ठेवा, वरचं नियोजन रॉसकडे द्या. आणि प्रत्येक प्रयोगाची बॅग फाइल (रॉसच्या संदेशांची नोंद) नोंदवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पायरी ६: शोधनिबंध वाचणं

आठवड्याला एक निबंध नीट वाचलेला बरा, दहा चाळलेले नकोत. रोबोटिक्ससाठी आयसीआरए आणि आयरॉस, कंट्रोलसाठी सीडीसी या परिषदांपासून सुरुवात करा. सारांशानंतर थेट प्रयोगांच्या भागावर उडी मारा. रोबोचं स्थान स्वतःच्या सेन्सरवरून काढलं होतं, की खोलीभर लावलेल्या मोशन कॅप्चर कॅमेऱ्यांवरून? प्रयोग किती वेळा केला? तुलनेसाठी घेतलेली जुनी पद्धत नीट ट्यून केली होती का? गृहीतकं बहुतेकदा तिसऱ्या विभागात एका ओळीत दडलेली असतात. ती वहीत उतरवा आणि आपल्या लोलकावर त्यातलं कोणतं मोडतं ते लिहा.

पायरी ७: थिसिस

गाईड निवडताना नावाच्या वजनापेक्षा त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांना विचारा. भेट किती आठवड्यांनी होते? रोबो एक आणि वापरणारे किती? तो बिघडला तर दुरुस्त कोण करतं? एका रोबोवर पाच जण असतील तर तुमचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं, आणि परिषदेची मुदत जवळ आली की मास्टर्सच्या विद्यार्थ्याचा नंबर शेवटी लागतो.

विषय एका वाक्यात मांडता आला पाहिजे, आणि त्या वाक्यात मोजता येणारी गोष्ट हवी. ‘रोबोच्या हाताचं सुधारित नियंत्रण’ हा विषय नाही. ‘हातातल्या वस्तूचं वजन आधी माहीत नसताना मार्गावरची चूक किती कमी करता येते’, हा आहे.

पहिल्या महिन्यात सगळ्यात साधी पद्धत चालवून दाखवा. रोबोच्या हातासाठी ग्रॅव्हिटी कॉम्पेन्सेशन (हाताचं स्वतःचं वजन पेलणं) आणि पीडी (चूक आणि तिचा वेग यांवर चालणारा साधा कंट्रोलर). ती अनेकदा अपेक्षेपेक्षा चांगली निघते आणि तुमच्या नव्या पद्धतीला किती जागा उरली आहे ते लवकर कळतं. जागाच नसेल तर विषय वळवायला अजून वेळ असतो. सहाव्या महिन्यात कळलं तर पंचाईत.

हार्डवेअर गोठवण्याची तारीख ठरवा, म्हणजे त्यानंतर नवा सेन्सर नाही, नवा गिअर नाही. सबमिशनच्या किमान दोन महिने आधीची तारीख बरी, कारण प्रयोग पुन्हा करावे लागतातच. प्रत्येक नोंदीसोबत प्रोग्रॅमची कुठली आवृत्ती चालली होती तो गिटचा क्रमांक आपोआप साठवा. परीक्षकाने एखाद्या आलेखावर बोट ठेवलं तर तो आलेख पुन्हा काढता आला पाहिजे.

लेखन प्रयोगांच्या प्रकरणापासून सुरू करा, प्रस्तावना शेवटी. निकाल सांगताना किती प्रयत्नांपैकी किती यशस्वी, हे लिहा. फसलेले प्रयत्न का फसले याचं वर्गीकरण द्या. चांगला परीक्षक तेच पान आधी उघडतो.

नोकरीच्या मुलाखतीत किंवा पीएचडीच्या बोलण्यांमध्ये थिसिसइतकाच हा लोलक कामी येतो. त्याचं गिट भांडार नीट लावून ठेवा: मॉडेल, मोजलेले पॅरामीटर, विलंबाचा हिशेब, आणि तो पडतानाचा एक व्हिडिओही. लूप २०० हर्ट्झवरच का, १ किलोहर्ट्झवर का नाही, असा प्रश्न येईल. तेव्हा वेगाचा तो उड्या मारणारा आलेख उघडून दाखवा.